एनओसीत ‘कोर्सवर्क’ लिहिलंय, पण कोर्सवर्क कशाला म्हणायचं?

पेडण्याची_पोर | रविवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावं.

पेडणे तालुक्यातल्या एका अनुदानित उच्च माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. मागच्या वर्षी पार्ट-टाइम पीएचडीला प्रवेश घेतला. विषय: नव्या काबिजादीतल्या (पोर्तुगिजांनी गोव्यात नंतर घेतलेल्या मुलखातल्या) देवस्थानांचे मोडी हिशेब. नोकरी करणाऱ्याला प्रवेशाच्या वेळी एनओसी जोडावी लागते, ती शाळेने खुशीने दिली. माझे पेढेही खाल्ले. एनओसीत तीन गोष्टी आहेत: पार्ट-टाइम शिकायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप बघता संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि ‘आवश्यकता भासल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळे करण्यात येईल’.

त्या तिसऱ्या वाक्यावर घोडं अडलंय.

मी जे मागितलं ते असं. शनिवारी पणजीला दिवसभर वर्ग असतात. आमची शाळा शनिवारी सकाळची, म्हणजे शनिवार पूर्ण सोडावा लागतो. एक कोर्स ऑनलाइन आहे, बारा आठवड्यांचा. त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, तो दिवस आणि आदला दिवस. मोडी वाचनाची दहा दिवसांची कार्यशाळा आहे, मार्गदर्शकांनी ‘करच’ म्हणून सांगितलंय. पुराभिलेखात बसून दप्तरं बघायला महिन्याला दोन दिवस हवेत. शिवाय दर सेमिस्टरला सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते, तो एक दिवस.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. त्यांनी एनओसीची झेरॉक्स समोर ओढली, ‘कोर्सवर्क’ शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाले, "बाई, कोर्सवर्क म्हणजे वर्गात बसून केलेलं. शनिवार मी देतो. ऑनलाइन तर रात्री घरी होतं. आणि जुने कागद बघायला जाणं हे तुमचं संशोधन, ते कोर्सवर्क कसं?" हेडक्लार्कनी मोबाइलवर शब्दाचा अर्थ शोधला, तर दोन ठिकाणी दोन अर्थ. मग तिघंही गप्प बसलो आणि घंटा झाली.

कोर्सवर्कमध्ये काय धरतात? आणि ते ठरवायचं कुणी, शाळेने की विद्यापीठाने?

---

खाजेंआनीचणे | रविवार, रात्री १०:०५

पॉपकॉर्न कुठलं, जत्रेतलं खाजं घेऊन बसलोय. चालू द्या.

---

फोंड्याचा_मास्तर | रविवार, रात्री ११:२०

ताई, प्रश्न चांगला आहे. मी कॉलेजात शिकवतो, माझ्याकडे दोन संशोधक विद्यार्थी आहेत, तेव्हा हे नियम पाठ होईपर्यंत वाचावे लागलेत.

तुमचा प्रवेश मागच्या वर्षीचा, म्हणजे तुम्हाला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएचडी नियम लागू. ते ७ नोव्हेंबर २०२२ ला राजपत्रात आले. त्याआधी २०१६ चे होते. त्यांत कोर्सवर्क कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त १६ क्रेडिट्सचं (तासांवर मोजलेल्या श्रेयांकांचं) होतं. आता कमीत कमी १२. त्या बारात दोन गोष्टी असायलाच हव्यात: एक संशोधन पद्धतीचा कोर्स आणि दुसरा संशोधन व प्रकाशन नीतीचा, जो यूजीसीने २०१९ मध्ये आणला. हा दुसरा २ क्रेडिट्सचा, ३० तासांचा, सहा भागांत विभागलेला आहे. उरलेली क्रेडिट्स विषयानुसार.

तुमच्या मुख्याध्यापकांना दाखवण्यासारखा मुद्दा पुढचा आहे. यूजीसीमान्य ऑनलाइन कोर्सही या क्रेडिट्सचा भाग म्हणून धरावेत, अशी शिफारस सल्लागार समिती करू शकते, असं नियमातच लिहिलंय. समितीच्या इतिवृत्तात तुमच्या ऑनलाइन कोर्सचं नाव असेल तर तो कोर्सवर्कच, मग तुम्ही तो रात्री बारा वाजता चुलीपुढे बसून करा नाहीतर पहाटे. ‘वर्गात बसून’ ही अट नियमात नाही, ती सरांच्या डोक्यात आहे.

समितीपुढची प्रगती मात्र कोर्सवर्क नाही. सक्तीची आहे, पण तिला क्रेडिट नाही. पुराभिलेखातलं काम कोर्सवर्क नाही, इथे सर बरोबर आहेत. कार्यशाळेचं उत्तर इतिवृत्तात: तिला क्रेडिट दिलं असेल तर हो, ‘उपयुक्त ठरेल’ एवढंच लिहिलं असेल तर नाही.

कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के किंवा तितकी ग्रेड मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे परीक्षेचा दिवस मागायला लाजू नका.

---

पेडण्याची_पोर | रविवार, रात्री ११:४१

सर, देव बरें करूं. माझे बारा असे जमतात: संशोधन पद्धती ४, नीती २, विषयाचा कोर्स ३, ऑनलाइन ३. कार्यशाळा यात कुठेच नाही. मार्गदर्शकांनी चहा पिताना सांगितली होती.

---

फोंड्याचा_मास्तर | रविवार, रात्री ११:४६

चहा पिताना सांगितलेल्याला क्रेडिट नसतं.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | सोमवार, सकाळी ६:३०

मास्तरांनी विद्यापीठाची बाजू सांगितली. मी ऑफिसची सांगतो. आयुष्य रजेच्या फाइली हलवण्यात गेलं.

ताई, तुमचा प्रश्न दोन वेगळ्या कागदांचा आहे. कोर्सवर्क काय हे ठरवतं विद्यापीठ. त्यासाठी तुम्हाला किती आणि कशी मोकळीक द्यायची हे ठरवते शाळा, कारण सही त्यांची आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधल्या जागेत कर्मचारी लोंबकळतो.

एक जुनं प्रकरण सांगतो, खातं सांगत नाही. एका बाईंनी उच्च शिक्षणासाठी वर्षाची अभ्यास रजा घेतली. कोर्स नऊ महिन्यांत संपला. उरलेले तीन महिने त्या प्रबंध लिहीत घरी बसल्या. त्यांना वाटलं, प्रबंध हाही अभ्यासच. पण केंद्रीय रजा नियम १९७२, जे आपल्याकडे राज्य कर्मचाऱ्यांनाही लावतात, त्यांत स्पष्ट आहे: मंजूर रजेपेक्षा अभ्यासक्रम लवकर संपला तर संपताक्षणी कामावर हजर व्हायचं, किंवा उरलेला काळ साधी रजा धरायला आधी परवानगी घ्यायची. बाईंनी दोन्ही केलं नाही. परत आल्यावर अभ्यासक्रम कधी सुरू झाला, कधी संपला याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्यात संस्थेने इमानदारीने नऊ महिने लिहिले. मग हिशेब निघाला. शिवाय बाँड होताच. परत आल्यावर तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत, हे त्यात असतंच. बाई रडल्या. मीच टिपण लिहिलं होतं, म्हणून आठवतं.

तुमची एनओसी हा अभ्यास रजेचा बाँड नाही, त्यामुळे तितकं घाबरू नका. पण रीत तीच. ऑफिसला शब्दाचा अर्थ लागत नाही, ऑफिसला तारखा लागतात. ‘कोर्सवर्कसाठी सवलत द्यावी’ असा अर्ज फिरत राहतो. ‘अमुक कोर्स, इतके क्रेडिट्स, या तारखा, सोबत विद्यापीठाचं पत्र’ असा अर्ज दोन दिवसांत सुटतो.

दुसरं, सगळं तिसऱ्या वाक्यात कोंबू नका. पुराभिलेखाचे दिवस दुसऱ्या वाक्याखाली मागा. ‘संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल’ असं शाळेने लिहून दिलंय. त्यातून सुट्टी निघत नाही, ते नुसतं विधान आहे. पण वेळापत्रकात एक दुपार मोकळी ठेवा, एवढं म्हणायला ते पुरतं.

---

कुळागर | सोमवार, सकाळी ८:१५

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीला लावण्यासारखा आहे. वाचनखूण साठवली.

---

मिरामारचा_वारा | सोमवार, सकाळी ९:०२

कुणाला राग येईल, येऊ दे. शिक्षकांना मे महिना असतो, चवथीला (गणपतीत) आठवडाभर असतो, नाताळ असतो. त्यात करा ना पीएचडी. मी खासगी कंपनीत आहे, माझ्या एमबीएला कुणी एक शनिवार दिला नाही. मुलांचे तास बुडतात त्याचं काय?

---

पेडण्याची_पोर | सोमवार, सकाळी ९:४०

राग नाही. मुलांचा प्रश्न रास्त आहे. पण विद्यापीठाचे वर्ग मे महिन्यात नसतात हो. १ क्रेडिट म्हणजे १५ तास, तर ऑनलाइन सोडून माझे ९ क्रेडिट्स म्हणजे १३५ तास वर्ग. शनिवारी सहा तास धरले तर तेवीस शनिवार. त्यातले चवथीत आणि दिवाळीत गेलेले वेगळे. माझे शनिवारचे तीन तास मी सहकाऱ्यांशी बदलून घेतले आहेत, बुडवत नाही. बदल्यात मंगळवारी सलग सहा तास घेते. घसा सांगतो.

---

मिरामारचा_वारा | सोमवार, सकाळी ९:५५

बरं. हे आधी लिहायचंत. घशाला ज्येष्ठमध.

---

डिचोलीची_आई | सोमवार, दुपारी २:१०

हा शब्द आमच्या घरातही धुमाकूळ घालून गेला. लेक मेलबर्नला ‘मास्टर्स बाय कोर्सवर्क’ करते. भावजयीने फोनवर विचारलं, "म्हणजे रिसर्च नाही? मग ही हलकी डिग्री का?" मलाही रात्रभर झोप नाही. लेकीने समजावलं ते असं: तिकडे मास्टर्स मुख्यतः दोन वाटांनी होतं, कोर्सवर्कने किंवा रिसर्चने, आणि दोन्ही त्यांच्या पात्रता चौकटीत एकाच, नवव्या पातळीवर. रिसर्चवाल्याचा दोन तृतीयांश भाग तरी संशोधनाचा असतो. कोर्सवर्कवाल्याचे विषय, प्रयोग, परीक्षा असतात आणि शेवटी प्रकल्पही असू शकतो. म्हणजे तिथे कोर्सवर्क हे अख्ख्या डिग्रीचं नाव आहे, पेडण्याच्या ताईंसारखा डिग्रीतला एक टप्पा नव्हे.

कर्जाच्या वेळी बँकेतल्या मुलानेही विचारलं, "कोर्सवर्क संपल्यावर मेन कोर्स कधी सुरू होणार?" मी हसले नाही, मीच आदल्या दिवशी तेच विचारलं होतं.

---

म्हापशेकर_लंडनहून | सोमवार, संध्याकाळी ६:४५

तिसरा अर्थ माझ्याकडून. इकडे कोर्सवर्क म्हणजे लिहून सादर केलेलं काम. निबंध, अहवाल, प्रकल्प. मॉड्यूलच्या माहितीत लिहिलेलं असतं, इतके टक्के कोर्सवर्क, इतके टक्के परीक्षा. म्हणजे इथे तो परीक्षेचा विरुद्धार्थी शब्द आहे. पहिल्या वर्षी मी घरी कळवलं, "कोर्सवर्कची मुदत शुक्रवारी आहे." बाबांनी उत्तर दिलं, "मग शुक्रवारी वर्गात वेळेवर जा." वर्ग कसला, मी शयनगृहात पायजम्यात बसून तीन हजार शब्द लिहीत होतो.

तुमच्या हेडक्लार्कना दोन अर्थ दिसले ते हेच असणार: हजेरी लावलेले कोर्स आणि त्यासाठी लिहिलेलं काम.

---

खाजेंआनीचणे | सोमवार, संध्याकाळी ७:०५

मराठीत एक शब्द करून टाका की. पाठ्यकार्य? अभ्यासकाम?

---

कुळागर | सोमवार, संध्याकाळी ७:१२

‘पाठ्यकार्य’ म्हटलं की मला दुर्वा निवडणाऱ्या बायका दिसतात.

---

ग्रंथपाल_बार्देश | सोमवार, रात्री ८:३०

म्हापशेकर, तुम्ही नकळत बरोबर जागी बोट ठेवलंत. हे दोन्ही अर्थ यूजीसीच्याच दोन नियमांत सापडतात, आणि आमच्या ग्रंथालयात त्यावरून दर वर्षी वाद होतो.

पीएचडीच्या नियमात कोर्सवर्क म्हणजे क्रेडिट्सचे कोर्स. पण २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमात ‘स्क्रिप्ट’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. त्यात शोधनिबंध, प्रबंध, पुस्तकातलं प्रकरण वगैरे येतं. आणि व्याख्येच्या शेवटी काय वगळलंय? असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, कोर्सवर्क, निबंध आणि उत्तरपत्रिका. इथे तेच कोर्सवर्क लिहिलेल्या कामाच्या रांगेत बसलंय.

आता गंमत बघा. संशोधक आमच्याकडे प्रबंधाची साम्य तपासणी करायला येतात. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सापडला तर सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारून द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. अशाच एकाचं दुसरं प्रकरण लालभडक निघालं. म्हणतो, "मॅडम, हा माझा कोर्सवर्कचा पेपर आहे, कोर्सवर्क नियमातून वगळलंय." अरे बाबा, वर्गात दिलास तेव्हा वगळलेलं. प्रबंधात चिकटवलास की ते स्क्रिप्ट झालं. त्यातला अर्धा उतारा इंटरनेटवरून उचललेला, वर्गात कुणी तपासला नाही, इथे पकडला गेला.

ताई, तुमच्या विषयाच्या कोर्सचा पेपर पुढे प्रकरण होणार असेल तर पहिल्या दिवसापासून अवतरणं आणि संदर्भ नीट ठेवा. कोर्सवर्क म्हणून सैल सोडू नका.

---

पेडण्याची_पोर | सोमवार, रात्री ८:५८

बाप रे. माझा टर्म पेपर एका देवस्थानच्या जमाखर्चावर आहे, तोच दुसऱ्या प्रकरणात जाणार. आज रात्रीच उघडते. निदान मोडीतून मी स्वतः लिप्यंतर केलंय, ते कुठल्या सॉफ्टवेअरला सापडेल असं वाटत नाही.

---

वेर्ण्याचा_इंटर्न | सोमवार, रात्री १०:२०

थोडं अवांतर, पण कोर्सवर्कचंच आहे. बीएससी केमिस्ट्री. नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट्स आहेत. मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत करतोय. पहिल्याच दिवशी एका करारावर सही घेतली, त्यात आहे की कंपनीत केलेली कुठलीही नोंद, अहवाल, आकडे हे कंपनीचे. आता कॉलेजला अहवाल द्यायचाय, तोंडी परीक्षा आहे. कंपनीचे साहेब म्हणतात अहवाल गेटबाहेर जाणार नाही. कॉलेज म्हणतं अहवाल नाही तर क्रेडिट नाही. मी काय करू?

---

निवृत्त_अव्वल_कारकून | मंगळवार, सकाळी ६:१०

बाळा, सहीच्या आधी वाचायचं असतं. आता झालं ते झालं. दोन्हीकडे तोंडी बोलणं बंद कर. कंपनीला कॉलेजतर्फे पत्र जाऊ दे: विद्यार्थ्याने सादर करायच्या अहवालात कोणते मथळे लागतात ते यादीसह. त्यातले गोपनीय कोणते ते कंपनीने लेखी सांगावं. गोपनीय वगळून उरेल तो अहवाल.

---

फोंड्याचा_मास्तर | मंगळवार, सकाळी ७:४०

काकांशी सहमत. यात भर: कॉलेजला तुझ्या कंपनीच्या उत्पादनाचं सूत्र नको असतं. किती तास काम केलं, कोणत्या उपकरणावर हात बसला, नोंदवही कशी ठेवली, काय शिकलास हे हवं असतं. रसायनाचं नाव न घेता ‘नमुना क’ लिहून द्रवक्रोमॅटोग्राफीवर दोन पानं लिहिता येतात. माझ्या एका विद्यार्थ्याने तसंच लिहिलं, उत्तम गुण मिळाले.

इंटर्नशिपला क्रेडिट देणाऱ्या यूजीसीच्या याच पदवी-चौकटीत आणखी एक गोष्ट आहे, पेडण्याच्या ताईंच्या सरांना आवडेल अशी. चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्याला १२ क्रेडिट्सचा संशोधन प्रकल्प असतो. संशोधन न घेणाऱ्याला त्याऐवजी १२ क्रेडिट्सचे तीन कोर्स. म्हणजे चौकटच दोन वेगळे रकाने करते: हे कोर्स, ते संशोधन. पुराभिलेखाचा दिवस कुठल्या रकान्यात, हे तिथून कळतं.

---

वेर्ण्याचा_इंटर्न | मंगळवार, सकाळी ८:०२

‘नमुना क’ भारी आहे सर. आज विभागप्रमुखांना भेटतो.

---

कुळागर | मंगळवार, सकाळी ११:३०

ताई, अर्जाचा मसुदा इथे टाका ना, काका सुधारून देतील. मुलगी पुढच्या वर्षी यातूनच जाणार आहे.

---

पेडण्याची_पोर | मंगळवार, रात्री ९:१५

आज समितीच्या इतिवृत्ताची प्रत आणि कोर्सांचं वेळापत्रक घेऊन आले. पेडणे ते म्हापसा, म्हापसा ते पणजी, आणि पणजीहून पुढे, अशा तीन बस. एका कागदासाठी. मसुदा:

‘महोदय, दिनांक अमुकच्या ना हरकत प्रमाणपत्रातील तिसऱ्या कलमास अनुसरून विनंती की, संशोधन सल्लागार समितीने निश्चित केलेल्या कोर्सवर्कसाठी (एकूण १२ क्रेडिट्स, इतिवृत्ताची प्रत सोबत) पुढील दिवशी मला कामातून मोकळे करावे. अ) प्रत्यक्ष वर्ग, तीन कोर्स, ९ क्रेडिट्स: सोबतच्या वेळापत्रकातील २३ शनिवार. आ) ऑनलाइन कोर्स, ३ क्रेडिट्स: परीक्षा केंद्रावरील परीक्षेचा १ दिवस. शनिवारचे माझे तास सहकाऱ्यांशी बदलून घेतले असून तक्ता सोबत आहे.’

पुराभिलेख आणि कार्यशाळा यातून काढली. कार्यशाळेसाठी नैमित्तिक रजा टाकेन, जितकी उरलीय तितकी.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | बुधवार, सकाळी ६:२०

‘कामातून मोकळे करावे’ऐवजी ‘कार्यमुक्त करावे’ लिहू नका, तुम्ही लिहिलं नाहीत ते बरं केलंत. फाइलीत कार्यमुक्त म्हणजे नोकरीतून गेलात असं वाचणारे महाभाग असतात.

दोन दुरुस्त्या. ‘पुढील दिवशी’च्या पुढे ‘हे दिवस रजेत न धरता’ घाला, नाहीतर तुमच्याच रजेतून कापतील आणि नंतर भांडावं लागेल. आणि तक्त्यावर त्या सहकाऱ्यांच्या सह्या घ्या. मुख्याध्यापकाला शब्द कळो न कळो, सह्या कळतात.

कार्यशाळेला दहाही दिवस कामाचे आहेत का? शनिवार-रविवार वजा करून बघा.

---

पेडण्याची_पोर | बुधवार, रात्री ८:४४

काका! चार दिवस शनिवार-रविवारचेच आहेत. त्यातले दोन शनिवार वर्गाचे होते, ते वर्ग त्या आठवड्यांत नाहीत असं विचारून घेतलं, पण शनिवारी शाळा आहेच. म्हणजे आठ दिवस रजा. माझ्याकडे पाच आहेत. उरलेले तीन दिवस कार्यशाळेला दुपारनंतर जाईन. मार्गदर्शकांना आज सांगितलं तर म्हणाले, "पुढच्या समितीत तिला क्रेडिट मागू या." म्हटलं, आत्ता मागायचं होतंत.

---

ग्रंथपाल_बार्देश | बुधवार, रात्री ९:३०

‘पुढच्या समितीत’ हे आमच्या ग्रंथालयात ‘नवीन कपाट पुढच्या बजेटमध्ये’ सारखं ऐकू येतं.

---

पेडण्याची_पोर | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०:३०

धागा वर काढते, माफी असावी. कळवायचं राहिलं.

अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी सह्यांचा तक्ता आधी बघितला, मग इतिवृत्त. ऑनलाइन कोर्सच्या ओळीवर थांबले. म्हणाले, "हा घरून होतो ना?" मी सांगितलं, दर आठवड्याच्या असाइनमेंट घरून, बारातल्या सर्वोत्तम आठ धरून त्याला २५ टक्के, पण ७५ टक्के परीक्षेला, आणि ती केंद्रावर. दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. "मग परीक्षेचा दिवस घ्या," म्हणाले आणि सही केली. वेळापत्रकात शुक्रवारी दुपारचे दोन तास स्वतःहून मोकळे करून दिले. पुराभिलेखाला एवढ्यात जाऊन परत येता येत नाही, पण नाही म्हणवलं नाही.

आज नववा शनिवार झाला. नीतीच्या कोर्समध्ये खोट्या जर्नलांचा भाग चालू आहे. सर पडद्यावर एकेक संकेतस्थळ दाखवत होते आणि मागच्या बाकावरच्या एका प्राध्यापकबाईंचा चेहरा उतरत चालला होता.

आणि हो. ज्या परीक्षेच्या एका दिवसासाठी एवढी हमरीतुमरी झाली, तिचं हॉल तिकीट आलं. रविवार आहे.

---

खाजेंआनीचणे | शनिवार, रात्री १०:३८

:हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

---

निवृत्त_अव्वल_कारकून | रविवार, सकाळी ६:०५

रविवार असला तरी हॉल तिकिटाची झेरॉक्स फाइलला लावा. आवक क्रमांकासकट.